उजव्या चाकाचा रंग

सुनंदे,

मंडळाचा चिटणीस परवा घरी आला होता. वार्षिक अंकात तुझा फोटो छापायचाय म्हणाला, आणि फोटोखाली चार ओळी. ओळी त्याने तयारच आणल्या होत्या. शांत, मनमिळाऊ, सोशिक. मी म्हटलं, फोटो बरोबर आहे, बाई चुकली. ही शांत बाई कोण? मी ओळखत नाही हिला. तो काही हसला नाही. गेलेल्या माणसाच्या घरात हसायचं नसतं असं त्याला शिकवलेलं असणार. मी सांगितलं, ओळी परत घेऊन जा, मी लिहितो. "काका, तुम्ही?" म्हणाला. हो, मी. चौथीपर्यंत शिकलोय. चौथीपर्यंत सगळी अक्षरं शिकवून होतात, पाचवीत काही नवीन अक्षर देत नाहीत.

तर लिहायला बसलोय. तुझा जन्म कुठला, माहेर कुठलं, हे मी लिहिणार नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. मी भांडणाचं लिहिणार. कारण ते संपलेलं नाही, आणि तू मधेच उठून गेलीस.

भांडण कसलं, तर ब्रेकच्या रंगाचं. अंक वाचणाऱ्यांना कळायला सांगतो. गाडीच्या पुढच्या चाकात लोखंडाची एक चकती असते, आणि त्या चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारा एक जबडा असतो. पाय दाबला की जबडा आवळतो आणि गाडी थांबते. त्याला कॅलिपर म्हणतात. आपल्या पांढऱ्या गाडीला असे दोनच, पुढच्या चाकांना. मागे ड्रम. हा शब्द तुला मीच शिकवला, आणि त्याच शब्दाने तू मला छळलंस.

गिरणी बंद पडल्यापासून मी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. म्हातारपणी ही एक जुनी पांढरी गाडी स्वतःची घेतली. खालच्या मजल्यावरच्या, सोसायटीच्या सेक्रेटरीच्या मुलाने नवी गाडी आणली तेव्हा तू गॅलरीतून वाकून बघत होतीस. त्याच्या चाकांच्या फटीतून लाल लाल दिसत होतं. रागावलीस किंवा खूश झालीस की तू मालवणीत उतरायचीस. तेव्हा तू कशात होतीस ते मला अजून कळलेलं नाही.

"अवो, तेच्या चाकात बघा. कुकू लावल्यासारख्या दिसता."

मी म्हटलं, "कॅलिपर रंगवलेत. पोरांचे चाळे."

"आपल्या गाडीक व्हयो."

"ब्रेक हा दाखवायचा माल नाही. लागायचा माल आहे."

"मगे तुमच्या बनियनाक मी नीळ कित्याक लावतंय? ती तरी कोण बघता?"

 उत्तर नाही म्हणून मी कधी गप्प बसलोय? मी म्हटलं, रंगवायचंच असेल तर काळा. लोखंडाला काळा. धूळ बसते, ब्रेकची भुकटी बसते, लाल चार दिवसांत बटाट्याच्या सालासारखा दिसेल. तू म्हणालीस, काळा लावायचा तर रंगवायचंच कशाला, तसंच ठेवा, गंजू दे, गंज तरी जरा लालसर असतो. जेवणाच्या ताटावरसुद्धा हेच. महेश आणि प्राची आले की त्यांच्यापुढे पण हेच. मुलगा-सून बिचारी माना एकदा तुझ्याकडे आणि एकदा माझ्याकडे फिरवत बसायची. शेवटी तूच वाटणी केलीस. "मी डाव्या अंगाक बसतंय. डावो माझो. तुमचो उजवो तुमी काय तो करा."

डाव्यावर तुझा हक्क होता हे मी तेव्हाही मान्य केलं होतं. गाडी मी चालवायचो, पण ब्रेक तूही मारायचीस. पुढे रिक्षा आली की तुझा पाय जायचा खाली. एक्स्प्रेस-वेवर तर नुसती दाबतच असायचीस. तुझ्या बाजूचं रबराचं पायपुसणं टाचेखाली घासून पातळ झालंय. माझं अजून नव्यासारखं आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या लायसनवर एक डाग नाही, आणि तू म्हणायचीस, "ते माझ्या पायामुळे."

मग तू डावा रंगवलास. मी फक्त जॅक लावला, मागच्या चाकांना विटा लावल्या, चाक उतरवून दिलं आणि खुर्ची टाकून बसलो. मदत करणार नाही असं मी आधीच सांगितलं होतं. तू साडी खोचून पाटावर बसलीस आणि तारेच्या ब्रशने गंज खरवडायला लागलीस. तव्याची करप काढतात तसा. काळ्या पाण्याचे ओघळ कोपरापर्यंत गेले. सेक्रेटरी खाली आला.

"काकी, कंपाउंडमध्ये गाडीचं काम करायचं नाही. नोटीस लावलीय ना?"

"काम खंय चालला? मी रांगोळी घालतंय."

"चाकाला?"

"तुमच्या पोराच्या चाकाक चलता, आमच्या नाय?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी आकाशाकडे बघायला लागलो. नवरा-बायकोचं भांडण वेगळं. सेक्रेटरीसमोर मी तुझ्याच बाजूचा.

पुढचं अंकात छापू नका असं प्राची म्हणते. मी छापणार. रंग लावताना आतल्या रबरावर जाता कामा नये. जबड्याच्या पोटात एक दट्ट्या असतो, त्याच्यावर धूळ जाऊ नये म्हणून रबराची टोपी. ती झाकायला मी चिकटपट्टी आणून दिली होती. गोल जागेवर पट्टी काही बसेना, सारखी सुटायची. तू वर गेलीस आणि परातीत काहीतरी झाकून घेऊन आलीस. बघतो तर उकड. तांदळाच्या पिठाची, मोदकाला काढतात ती, गरम, मळलेली. मी म्हटलं, "हे काय? ब्रेकला नैवेद्य?"  रबराच्या टोपीवर ती उकड अशी दाबून बसवलीस, कडा बोटाने अशा चापून घेतल्यास, की गॅरेजवाल्यालाही जमलं नसतं. मी मनात म्हटलं, बाईचा हात आहे. तोंडाने म्हटलं, "मुंग्या येतील."

मुंग्या नाही आल्या, घुशी आल्या. लाल रंगाचा पहिला हात देऊन आपण तो तसाच सुकायला ठेवला, चाकावर गोणपाट टाकलं आणि वर गेलो. सकाळी उकड गायब. उकडीबरोबर रबराची टोपीसुद्धा कुरतडलेली. तू बघितलंस आणि पदर तोंडाला लावलास. मला वाटलं रडतेस. तू हसत होतीस.

इक्बाल गॅरेजवाल्याला बोलावला. तो बसला, बघितलं, पुन्हा बघितलं. "काका, ये किसने खाया?"

"घूस ने."

"घूस ब्रेक कायको खायेगा?"

तुझ्याकडे बोट दाखवून मी म्हटलं, "चटणीबरोबर दिला होता हिने."

त्याने नवीन रबर बसवून दिलं. जाताना म्हणाला, काकी, पुढच्या वेळी टेप लावा. झालं. दुसऱ्या माणसाने सांगितलं म्हटल्यावर तू टेप लावणार? रंगाच्या दुसऱ्या हाताला पुन्हा उकड काढलीस. या वेळी मळताना त्यात मूठभर मालवणी मसाला घातलास, मे महिन्यात गच्चीवर मिरच्या वाळवून तू स्वतः करून आणतेस तो. लाल उकड. मी म्हटलं, क्रम चुकला गो, आधी मसाला घालायचा, मग घूस बोलवायची. "खाऊं दे आता," म्हणालीस. "बघूया कोण खाता." मी कडा नीट बसल्यात का बघायला बोट लावलं आणि तेच बोट डोळ्याला लागलं. अर्धा तास नळाखाली. तू नळाजवळ उभी राहून पाणी मारत होतीस आणि सांगत होतीस की आता तरी लाल रंग डोळ्यात भरला.

घुशी आल्याच नाहीत. सकाळी तू नखाने उकड काढलीस, ती अख्खी सुटून आली, आतलं रबर कोरं करकरीत. बाहेर लाल. एकसारखा लाल, कुठे ओघळ नाही, कुठे ब्रशचा केस नाही. मी चाक चढवलं. फटीतून दिसत होतं. मी काही बोललो नाही. काही बोललो नाही याचा अर्थ तुला कळतो.

गणपतीला गावी निघालो. घाट उतरून खाली चहाला थांबलो तर तू चहा सोडून गाडीला वळसा घालून डाव्या चाकापाशी वाकलीस. टपरीवरचे चार जण उठले, बाईचं काहीतरी पडलं म्हणून. तू फटीतून बोट आत घातलंस, चटका बसला, बोट तोंडात घातलंस, आणि तसंच, बोट तोंडात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलीस, "रंग उडूक नाय!" टपरीवाला म्हणाला, कसला रंग? तू त्याला हाताला धरून दाखवायला घेऊन गेलीस. तो मुकाट्याने वाकला, बघितलं, "बरा आसा," म्हणाला. त्या एका "बरा आसा"वर तू गावापर्यंत गात होतीस.

माझा उजवा तसाच राहिला. गंजलेला. मी म्हणत होतो, आधी तुझा पावसाळाभर टिकतो का बघू. तू म्हणत होतीस, टिकला, आता लाल लावा. मी म्हटलं, टिकला तर टिकला, उजव्याला काळाच. काळ्याचा डबा आणून ठेवला. तू तो दर चार दिवसांनी फळीवरून काढून बघायचीस, झाकण उघडलं का.

मग तुझं पोट दुखायला लागलं. त्याचं मी लिहिणार नाही. हॉस्पिटलात शेवटी शेवटी तू बोलायची नाहीस, नुसती बघायचीस. एक दिवस दुपारी डोळे उघडून स्पष्ट विचारलंस, "उजव्याचा काय केलात?"

मी म्हटलं, "काळा लावणार."

"गाडी काणी दिसतली."

"दिसू दे."

"डबो फोडलात काय?"

"नाही अजून."

"मगे येळ आसा."

आणि डोळे मिटलेस. नर्स होती तिथे, तिला वाटलं कसल्या तरी औषधाच्या डब्याचं चाललंय. तुझ्या-माझ्यातलं शेवटचं बोलणं हेच. लोक विचारतात, काकी जाताना काय म्हणाल्या? मी सांगतो. ते मान हलवतात आणि दुसरा विषय काढतात. देवाचं नाव घेतलं असतंस तर त्यांना बरं वाटलं असतं.

आता दहाव्याचं. हे तुला माहीत असलं पाहिजे, कारण भटजींच्या म्हणण्याप्रमाणे तू तिथेच होतीस.

पिंड ठेवला. ऊन चढलेलं. कावळा आला, भिंतीवर बसला, मान इकडे, मान तिकडे. पिंडाला काही शिवेना. महेश पुढे झाला, हात जोडून म्हणाला, आई, बाबांना मी सांभाळीन. कावळा जागचा हलला नाही. प्राची म्हणाली, आई, तुळशीला रोज पाणी घालीन. नाही. तुझ्या भावाने काय काय कबूल केलं. कावळा उडून दुसऱ्या भिंतीवर गेला. सगळ्यांचे पाय पोळायला लागले. मग कोण जाणे कोणाच्या डोक्यात आलं. महेशच असेल. हळूच माझ्या कानाशी आला.

"बाबा, तुम्ही सांगा ना. उजव्या चाकाला लाल लावतो म्हणून."

"का?"

"तेच राहिलंय आईचं. सगळ्यांना माहितीय."

"मी काळा लावणार आहे."

"अहो, नुसतं म्हणा. मग लावा काय ते."

म्हणजे तुला फसवू? जन्मभर तोंडावर नाही म्हटलं, आणि आता तुझ्यामागे हो म्हणू? तेही कावळ्यासमोर? भटजी म्हणाले, "काका, दोन शब्द बोला. त्यांचा जीव अडकलाय. मोकळं होऊ दे त्यांना."

मी म्हटलं, "तिला मोकळी करायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

 तुझा भाऊ दुसरीकडे बघायला लागला. मी पुढे गेलो आणि मोठ्याने म्हटलं, भिंतीवरच्यालाही ऐकू जाईल असं, "सुनंदे, काळाच." कावळ्याने माझ्याकडे बघितलं. एक डोळा, मग मान वळवून दुसरा. मग उडाला तो आलाच नाही.

भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला, विधी झाला. परत येताना गाडीत कोणी माझ्याशी बोललं नाही. मागे कोणीतरी पुटपुटलं, म्हातारा हट्टी, जाणाऱ्या माणसासाठी एवढं केलं असतं तर काय बिघडलं असतं. महेश गाडी चालवत होता, मी डाव्या अंगाला, तुझ्या जागेवर. पुढे ट्रक आडवा आला तेव्हा माझा पाय गेला खाली. तिथे पायपुसण्याला तुझ्या टाचेचा खळगा आहे. माझी टाच बरोबर त्यात बसली.

बिघडलं असतं ना. त्यांना नाही कळणार. मी हो म्हटलं असतं तर भांडण मिटलं असतं. तू जिंकून गेलेली, मी हरून बसलेलो, आणि दोघांमध्ये बोलायला काही उरलेलं नाही. फोटोला हार घालून रोज नमस्कार करायचा अशा बायकोशी. कावळा शिवला नाही याचं सगळ्यांना वाईट वाटलं. मला उलट बरं वाटलं. म्हटलं, ऐकून घेतलंन आणि पटलं नाही तिला. म्हणजे तीच.

तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जॅक काढला. सेक्रेटरीने गॅलरीतून बघितलं. नोटिशीचं काही बोलला नाही. वर येऊन मी गॅसवर पाणी ठेवलं. प्राची म्हणाली, चहा मी करते बाबा. मी म्हटलं, चहा नाही, उकड. तिला वाटलं माझ्या डोक्यावर परिणाम झाला. पहिली उकड नुसती पेज झाली. दुसरीला गुठळ्या. तू पाण्यात पीठ टाकायचीस की पिठावर पाणी, हे मी कधी बघितलंच नव्हतं. मी ताटावर असायचो. तिसरी प्राचीने सांगितल्याप्रमाणे केली, मळताना हात भाजले, पण जमली. मग मी मसाल्याची बरणी काढली. बुडाशी थोडाच राहिलाय.

"बाबा! आईंच्या हातचा शेवटचा आहे तो!"

"माहितीय."

"माशाला ठेवलाय मी जपून. ब्रेकला कशाला? बाजारातलं तिखट देते ना."

"बाजारातल्या तिखटाला मुलुंडच्या घुशी भीत नाहीत."

ती रडायलाच लागली, आणि रडता रडता हसायला लागली, तुझ्यासारखं, पदर तोंडाला लावून. तिने पंजाबी ड्रेसची ओढणी लावली होती, पण पदरच तो. मी अर्धा मसाला घेतला. अर्धा ठेवला. माशाला.

खाली महेश येऊन उभा राहिला. गंज खरवडून झाला होता, उकड बसवून झाली होती. तुझ्याइतकी बसली नाही, एका बाजूला फट राहिली, ती मी पुन्हा चापली. महेशच्या हातात तुझा लाल रंगाचा डबा. माळ्यावरून शोधून आणलेला. तो त्याने माझ्याजवळ जमिनीवर ठेवला. म्हणाला, "बाबा, हा माळ्यावर उलटा ठेवला होता. सांडला असता."

"मीच ठेवलाय उलटा."

"का?"

"उलटा ठेवला की झाकणातून हवा जात नाही. रंग सुकत नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, बघतोस काय, तो काळा दे इकडे.

डबा फोडला, सुनंदे. स्क्रू ड्रायव्हरने झाकण उचकटलं, कट्ट वाजलं, तुला ऐकू गेलं असेल. पहिला हात दिला. सुकला. दुसरा दिला. एक ओघळ आलाय खालच्या बाजूला, तो दिसत नाही. सकाळी उकड काढली, तिला घुशी शिवल्या नव्हत्या. चाक चढवलं, नट आवळले, गाडी खाली घेतली आणि समोर जाऊन उभा राहिलो.

काणी दिसते. एकीकडे लाल, एकीकडे काळा. सेक्रेटरीचा मुलगा जाता जाता म्हणाला, काका, एक साइड राहिली काय? मी म्हटलं, राहिली नाही, दोन्ही पूर्ण आहेत.

लाल डबा पुन्हा माळ्यावर ठेवलाय. उलटा. ब्रश रॉकेलमध्ये धुऊन शेजारी ठेवलाय, केस सरळ करून. बरणीत मसाला आहे. उकड मला आता येते.

काळ्यावर लाल चढतो. तुला पटत नसेल तर ये, आणि माझ्या डोळ्यांदेखत फास. मी जॅक लावून देईन. मदत करणार नाही.